आम्हा दोघांपुरता समुद्र

माझ्या निवडीला मालेगावात तोड नाही! हे मी म्हणत नाही, अख्खा तालुका म्हणतो. तालुक्याला तुमच्यापर्यंत येता येत नाही म्हणून मी सांगतोय, एवढंच. रुखवतात कुकर तीन लिटरचा द्यावा की पाचचा, परात पितळी बरी की स्टीलची, हंड्याचा काठ कसा असावा, हे सगळं आमच्या 'दुलीचंद भांडी भांडार'च्या गल्ल्यावर बसून मी, म्हणजे नमन दुलीचंद, ठरवतो आणि माणसं मुकाट्याने तेच घेऊन जातात. मालेगाव म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, जहांगीरचं. नाशिककडचं नव्हे! हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर आमच्या कढया तिकडे जातात.

तर अशा माणसाला फिरायला जायचं ठिकाण निवडणं काय जड जाणार? कुकरची निदान शिट्टी, रबर, बूड असं सगळं तपासावं लागतं. समुद्राचं काय तपासायचं? पाणी आहे ना, बघायचं, आणि तिकीट काढायचं. असं मला वाटत होतं!

विषय काढला चंदनाने. चंदना म्हणजे आमची सौभाग्यवती, माहेर मानोऱ्याचं. धरणाच्या पलीकडचं पाणी तिने पाहिलेलं नाही. पोळी वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, मले समुद्र पाह्याचा हाय."

"पाहू ना."

"तुमी 'पाहू ना' म्हनलं का मले समजते, नाई पाहत आपन!"

बरोबर होतं तिचं. लग्नाला वीस वर्षं होत आली. उन्हाळ्यात निघावं तर लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात चातुर्मास, तेव्हा आमच्या जैन घरांमधून कोणी हिंडायला निघत नाही. दिवाळीत धनत्रयोदशी, त्या दिवशी भांडेवाल्याने गाव सोडलं तर गिऱ्हाईक जन्मभर तोंड पाहणार नाही. उरतो पौष. पौषात लग्नं नसतात आणि मी दिवसभर चमच्याला चमचा जोडून ठेवत बसतो.

"या पौषात," चंदना म्हणाली. "आन दोघंच. नीट आयका. दोघंच!"

आमच्या घरात 'दोघंच' ही वस्तू मिळत नाही. लग्नानंतर आम्ही वाशिमला पहिला सिनेमा पाहिला, तेव्हा मधल्या खुर्चीवर माझे वडील, बाबूजी, होते. चंदनाची दाढ काढली तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत आम्ही चौघं उभे होतो, डॉक्टरांनाच बाहेर जावं लागलं. यात कोणाच्या मनात काही वाईट नसतं हो. माया असते, आणि आमच्याकडे मायेला दार वाजवून आत यायची सवय नाही.

"आन ठिकान चांगलं पाहा," चंदनाने पुढे सांगितलं. "किनारा मोठा पाह्यजे. पन नुसती वाळू नोको. काई जुनंपुरानं पाह्यजे, राजारजवाड्यायचं. आन तिथली मानसं कशी राह्यते, काय चित्र काढते, काय गाते, थे बी पाह्याचं हाय मले."

"तू फक्त बॅग भर," मी छाती फुगवून म्हणालो. "निवड माह्यावर सोड!"

दुसऱ्या दिवसापासून मी फोन घेऊन बसलो. कोकणातला एकेक किनारा काढला. फोटो सुरेख! पण प्रत्येक फोटोत एकच गोष्ट, सूर्यास्त! लाल पाणी, लाल आभाळ, आणि त्यासमोर हात पसरून उभं असलेलं जोडपं. आणि इथेच अडचण होती. आमच्यात सूर्य बुडायच्या आत जेवण उरकावं लागतं. सगळं जग ज्या घटकेला समुद्राकडे तोंड करून उभं असतं, त्या घटकेला आम्ही ताटाकडे तोंड करून बसलेले असतो! वीस वर्षं वाट पाहून बायकोला समुद्रावर न्यायचं आणि ऐन वेळी 'चल, आधी खिचडी खाऊन घे' म्हणायचं?

तरी एका ठिकाणी मी फोन लावून पाहिला.

"संध्याकाळी पाचले जेवन मिळंल का?"

"नाश्ता मिळेल, साहेब."

"नाश्ता नाई, जेवन. कांदा नोको, लसन नोको, आलू नोको. गाजर-मुळाही नोको."

पलीकडचा माणूस काळजीने म्हणाला, "साहेब, पेशंट आहेत का?"

पण मी हार मानणारा नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पश्चिमेकडे सूर्य बुडतो, म्हणजे पूर्वेकडे तो समुद्रातून वर येत असणार! मावळतीचं संकट, तर उगवतीला जा! सकाळी सूर्य पाहायचा आणि मग निवांत पोटपूजा. भूगोलात मी कसाबसा पास झालो होतो, पण त्या क्षणी शाळेतल्या गुरुजींना बोलावून दाखवावंसं वाटलं.

आणि सापडलं ठिकाण. ओडिशातलं पुरी! किनारा असा की डोळ्यांत मावू नये. जवळच कोणार्कचं सूर्यमंदिर, म्हणजे राजेरजवाडे आले. तिथल्याच एका गावात घरोघर माणसं कापडावर चित्रं काढत बसलेली असतात, म्हणजे चंदनाची ती अटही पुरी. अकोल्याहून थेट रेल्वे. मी चंदनाला फोटो दाखवले. फोनच्या काचेवरच्या लाटेवर तिने नुसतं बोट फिरवलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कुकर विकून असं कधी वाटलं नव्हतं.

आता फक्त बाबूजींची परवानगी. दुकान आठवडाभर त्यांना सांभाळायचं होतं.

"समुद्र?" बाबूजी म्हणाले. "पान्यात काय ठेवलं बे? पानी पाह्याले येवढ्या दूर?"

इथे मी फार हुशारी केली. भुवनेश्वरजवळ खंडगिरी-उदयगिरीच्या गुंफा आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या खारवेल राजाने दगडात मोठा लेख कोरून घेतला, आणि त्याची सुरुवातच अरिहंतांना आणि सिद्धांना नमस्कार करून झालेली आहे. आपला णमोकार मंत्रच की तो! हे मी बाबूजींना रंगवून सांगितलं. आणि वर म्हणालो, "तेवढीच यात्रा होऊन जाईन."

बाबूजींनी चष्मा काढून धोतराला पुसला. "माह्या बाबायच्या लय मनात होतं," ते म्हणाले. "आपल्या घरातून एकदा तरी यात्रा निघावी. राहून गेलं त्यायचं. तू करून राह्यला बे, नमन!"

त्यांचे डोळे भरून आले होते. आता सांगा, भरल्या डोळ्यांच्या बापाला 'नाही हो, आम्ही दोघंच चाललोय' असं कोण सांगेल? मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. आमच्या समाजात मिठाई एकट्याने खाल्ली तर चालते, यात्रा एकट्याने केलेली चालत नाही. यात्रेला निघणाऱ्याने मंदिरात सांगायचं, ज्याला यायचं त्याला सोबत घ्यायचं, अशी रीत. आणि असा सगळा संघ घेऊन जाणारा माणूस म्हणजे संघपती! त्याचा फेटा बांधून सत्कार होतो. रीत मला ठाऊक होती. पण बाबूजी ती इतक्या चपळाईने पाळतील, हे ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या लेकीला, जिनलला, ताप आला. ती अकोल्याला हॉस्टेलवर असते. चंदना आठवडाभर तिच्याकडे गेली. आणि तिकडे रविवारी मंदिरात प्रवचन संपल्यावर बाबूजींनी माईक हातात घेतला!

मी दुकानात होतो. सगळ्यात आधी आल्या तुळसाकाकू. या आमच्या महिला मंडळाच्या प्रमुख. गुडघे दोन्ही गेलेले, पण आवाज शाबूत.

"नमन, माही खिडकीची सीट!"

"कोन्ती सीट, काकू?"

"घ्या! संघपतीलेच ठाऊक नाई! अरे, पुरीची! आन माह्या बाजूले कोनी घोरनारी नोको."

माझ्या हातातली बरणी खाली पडली. स्टीलची होती म्हणून वाचली. संध्याकाळपर्यंत दुकानात माणसांची रीघ लागली. कोणी पाठीवर थाप मारी, कोणी पाया पडे. वाशिमहून फोन, मंगरुळपीरहून फोन! लग्नसराईत एवढी गर्दी झाली असती तर मी गावजेवण घातलं असतं. पन्नासेक माणसं तयार, आणि प्रत्येकाला खालचा मजला, खिडकी आणि कोमट पाणी हवं!

आता माझ्यापुढे एकच मार्ग होता. लोकांना घाबरवायचं. आपणहून नावं मागे घेतली की बाबूजींचाही मान राहील आणि आमचे 'दोघंच'ही राहतील. सुरुवात तुळसाकाकूंपासून केली.

"काकू, समुद्राच्या काठी मासोळ्या वाळू घालते म्हनते. लय वास सुटते."

काकूंनी नाकाला पदर लावला. मला वाटलं, जमलं! पण लगेच पदर खाली आला. "बरं झालं सांगितलं तू! मंग तठचं काईच नाई चालनार. आपला आचारी, आपलं पीठ, आपलं तेल, समदं इथूनच नेऊ. भांडे तर तुह्या दुकानात हायेतच!"

झालं! त्याच संध्याकाळी माझ्या माळ्यावरून मोठी पातेली, झारे, घमेली उतरली. मग मी दुसरा बार उडवला. "गुंफा टेकडीवर हायेत, काकू. चढून चढून जीव जाईन."

"जेवढा तरास तेवढं पुन्य!" काकू म्हणाल्या आणि ही बातमी त्यांनी अशा आनंदाने पसरवली की ज्यांनी नावं दिली नव्हती त्यांनीही दिली. मी म्हणालो, तिकडे थंडी असते, तर बायकांनी स्वेटर विणायला घेतले. मी म्हणालो, पन्नास जणांना रेल्वेची तिकिटं मिळायची नाहीत, तर बाबूजींनी शेलूबाजारच्या गोविंदसिंगला बोलावलं. याच्याकडे जीपा आहेत आणि एक जुनी बस आहे.

"गोविंदसिंग, पुरीचा रस्ता मालूम हाय का तुले?" मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. माझी सगळी आशा त्याच्यावर होती.

"रायपूरपर्यंत गेलो मी एकदा."

"आन पुढं?"

"पुढं बी रस्ताच असंल ना भाऊ! समुद्र आला का ब्रेक मारतो!"

ज्या माणसाची निवड अख्खा तालुका मानतो, तो मी दर खेपेला सहल मोडायला जात होतो आणि सहल अजूनच मजबूत होत होती. आणि चंदनाला यातलं काहीही माहीत नव्हतं! ती रोज फोनवर विचारायची, "तिकीट काढलं का?" मी म्हणायचो, "सोय चालू हाय." यात खोटं काहीच नव्हतं. सोय खरोखरच फार जोरात चालू होती.

आठवड्याने ती एसटीने परत आली. आणि एसटी चौकात वळते, बरोब्बर त्या कोपऱ्यावर बाबूजींनी फ्लेक्स लावला होता! भला थोरला. एका बाजूला गुंफा, एका बाजूला लाटा, मध्ये मी, डोक्यावर कॉम्प्युटरने चढवलेला फेटा. 'संघपती श्री. नमन दुलीचंद यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली पन्नास माणसांचे छोटे छोटे फोटो, आणि त्या गर्दीत कुठेतरी कोपऱ्यात चंदना. फोटो आधार कार्डावरचा. त्यात ती आधीच रागावलेली दिसते.

ती घरी गेली नाही, सरळ दुकानात आली. बॅग खाली ठेवली.

"चांगला आला फोटू तुमचा," ती म्हणाली.

"चंदना, ऐक तर! झालं काय, का बाबूजी..."

"मले समुद्र पाह्याचा होता. तुमचा फेटा नाई."

एवढंच म्हणाली आणि गल्ल्यावर पडलेल्या वाट्या एकात एक घालायला लागली. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. वीस वर्षांत तिने माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती, आणि तीही मी चौकात टांगली होती. मला स्वतःचा इतका राग आला की विचारू नका!

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. म्हणजे बोलायची, पण कुकरमार्फत. "कुकरा, यायले सांग, भात झाला." कुकर शिट्टी द्यायचा आणि मी जेवायला बसायचो. आई, म्हणजे आमच्या कंचनबाई, माझ्याकडे पाहून नुसती मान हलवायची. शेवटी मी ठरवलं. सत्काराच्या दिवशी माईकवरच सांगून टाकायचं. जे व्हायचं ते होऊ दे!

सत्काराचा दिवस उजाडला. मंदिराचं आवार भरलेलं. माझ्या डोक्यावर खराखुरा फेटा बांधला गेला, कपाळाला टिळा, गळ्यात हार, हातात नारळ. पहिल्या रांगेत बाबूजी नवीन कोट घालून बसले होते. बायकांमध्ये मागे चंदना, जमिनीकडे नजर. माईक माझ्या हातात आला.

"जय जिनेंद्र," मी म्हणालो. "मले एक सांगाचं हाय. मी काई संघपती-बिंघपती नाई. मी समुद्राले चाललो होतो. माह्या बायकोले समुद्र दाखवाले. आमी दोघंच जानार होतो. थे गुंफेचं मी बाबूजीले सांगितलं थे खरं हाय, पन थे सुट्टी भेटावी म्हनून सांगितलं. माफ करा मले."

माईक तेवढा कुईं करत होता. बाबूजींचा चेहरा मला पाहवेना. कोटाच्या बटणाशी त्यांची बोटं चाळा करत होती. हा फेटा माझ्या डोक्यावर नव्हताच मुळी, त्यांच्या बापाच्या इच्छेवर बांधलेला होता, आणि मी तो सगळ्यांसमोर उतरवला होता.

तेवढ्यात तुळसाकाकू भिंतीला धरून उठल्या.

"मंग आमी काय फक्त गुंफा पाह्याले नाव देल्लं का बे?"

मी माईक खाली केला.

"माहे गुडघे हे असे. टेकडी चढाची मले हौस हाय का? अरे, मी बी नाई पाह्यला समुद्र! आमचे हे होते तवा म्हनत, नेतो, औंदा नेतो. गेले बिचारे, ना नेता! आता यात्रा म्हनलं तर सूनबाई जाऊ देते. म्हातारी समुद्र पाह्याले चालली म्हनलं तर गाव हासीन."

"मी बी नाई पाह्यला," एक आवाज आला. मग दुसरा. मग बायकांच्या बाजूने हातच वर झाले. आणि मग आमची आई उठली. चारचौघांत आईचा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. ती बाबूजींकडे पाहून म्हणाली, "मले बी कोनी नाई दाखवला."

बाबूजी खोकले. "दुकान असते ना..." ते पुटपुटले.

आवारात असा हशा उसळला की बाबूजींनाही हसू फुटलं. डोळे पुसत ते माझ्याजवळ आले आणि माझा वाकडा झालेला फेटा सरळ करत म्हणाले, "गुंफा बी पाहू, समुद्र बी पाहू. पानी हाय म्हनून देव थोडाच रागावते बे?"

चंदना उभी राहिली. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा तुळसाकाकूंकडे, आणि म्हणाली, "चला मंग, समदेच चला."

माझ्याशी नव्हती बोलली, पण कुकरशीही नव्हती. मला भरून आलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तुळसाकाकू अजून उभ्याच होत्या!

"थांबा!" त्या म्हणाल्या. "पोरीनं येवढं मन मोठं केलं. पयला मान तिचाच. समदे नियम घ्या! जवालोक नमन आन चंदना समुद्र पाहत नाई, तवालोक आपल्यातलं कोनीच पाहनार नाई!"

बाहेरच्या माणसाला हे गमतीचं वाटेल. पण आमच्यात नियम म्हणजे नियम. कोणी महिनाभर तूप सोडतं, कोणी जन्मभर चप्पल सोडतं. एकदा हात जोडून नियम घेतला की प्राण जाईल पण नियम मोडायचा नाही. पन्नास जणांनी हात जोडले. मला वाटलं, किती प्रेमळ माणसं! पुढचं संकट मला दिसलंच नाही.

निघालो. गोविंदसिंगची बस, टपावर माझं अर्धं दुकान. रोज सूर्य कलला की गोविंदसिंग मिळेल त्या शेताच्या कडेला बस लावायचा, पातेली उतरायची आणि उजेड सरायच्या आत पंगत उठायची. छत्तीसगडातल्या एका गावाला वाटलं, लग्नाचं वऱ्हाड वाट चुकलं. ते वाजंत्री घेऊन आले! पण खंडगिरीला पोचलो. उदयगिरीच्या त्या लेखाखाली बाबूजी हात जोडून उभे राहिले. अक्षर एक वाचता येईना, तरी ते कितीतरी वेळ वर पाहत होते. पाठोपाठ सगळ्यांनी णमोकार म्हटला, आणि तुळसाकाकू दोन बायकांच्या खांद्यांवर हात टाकून टेकडी चढून आल्या. मी म्हटलं, एका खोटारड्या माणसाच्या हातून एवढं झालं, पुष्कळ झालं.

आणि मग पुरी! पहाटे अंधारातच निघालो. शहर लागलं तशी तुळसाकाकूंनी आरोळी दिली, "पडदे ओढा!" सगळ्या खिडक्यांचे पडदे बंद. पन्नास माणसं माना खाली घालून बसली. लाटांचा आवाज यायला लागला तरी एक मान वर झाली नाही. गोविंदसिंग तेवढा नियमातून सुटला होता, नाहीतर त्याला ब्रेक कुठे मारायचा ते कळलं नसतं.

संघपतीने सगळ्यांच्या शेवटी उतरायचं असतं. मी एकेकाला उतरवलं, काकूंची काठी शोधली, कोणाचा चष्मा, कोणाचे दात. चंदना माझ्यासाठी थांबली होती, डोळ्यांवर पदर घेऊन. आम्ही दोघं उतरून वाळूकडे वळलो आणि काय पाहतो? आमचा अख्खा संघ किनाऱ्यावर ओळीने उभा, समुद्राकडे पाठ करून! त्यांच्या भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं, लाटा तेवढ्या त्यांच्या टाचांना लागत होत्या आणि पन्नास माणसं गावाकडे तोंड करून थंडीत कुडकुडत होती. जाळी ओढणारे कोळी काम सोडून पाहत होते. एक चहावाला मला म्हणाला, "ये लोग उधर क्या देख रहे हैं?"

काय सांगणार? ते आम्हाला पाहत होते!

"या लवकर!" बाबूजी ओरडले. "सूर्य येऊन राह्यला म्हनते!"

आम्ही जवळ गेलो. ओळ मधून दुभंगली, आम्हाला वाट मिळाली. चंदनाने माझा हात धरला, सगळ्या समाजासमोर, पहिल्यांदा! दोन्हीकडून पन्नास चेहरे आमच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते.

"पाह्यला का?" काकूंनी विचारलं.

"काकू, आता तर..."

"पाह्यला का बे?" बाबूजी.

चंदना लाजून लाल! तिने पदर जो तोंडावर ओढला तो हनुवटीपर्यंत. मी शरमेने मान खाली घातली. मला माझे दोन पाय दिसत होते आणि त्यांच्याभोवती वाळू.

"पाह्यला का नाई अजून? पाय गारठून गेले आमचे!"

"पाह्यला! पाह्यला!" मी ओरडलो. याचं काही पाप लागलं असेल तर ते माझं एकट्याचं.

झालं! पन्नास माणसं गर्रकन वळली आणि एकच आरोळी उठली. आम्हाला दोन्ही बाजूंनी ढकलत सगळं मालेगाव पाण्यात शिरलं. काकूंनी काठी फेकली. आईने बाबूजींचा नवा कोट धरला आणि त्यांना कोटासकट लाटेत ओढलं! बाबूजी "अवं, अवं" म्हणत होते आणि लहान पोरासारखे हसत होते.

आम्ही दोघं मागे राहिलो. धक्क्याने खालीच बसलो होतो, चपलांच्या ढिगाशेजारी.

"तुमी खरंच पाह्यला?" पदराआडून चंदनाने विचारलं.

"नाई. तू?"

"मी बी नाई."

तिने पदर सारला. समोर पाठीच पाठी. ओल्या साड्या, धोतरं, स्वेटर. पण आई आणि तुळसाकाकू जराशा वाकल्या तेव्हा त्यांच्या मधून एक पट्टी दिसली, परातीच्या काठाएवढी, तांबूस, हलणारी. चंदना त्या पट्टीकडे पाहत राहिली. माझा हात तिने सोडला नव्हता.

"केवढा मोठा हाय हो!" ती म्हणाली.

तिच्या तोंडावर तो उजेड पडला होता. खरं सांगतो, मी तिकडे पाहण्याऐवजी इकडेच पाहत बसलो. म्हटलं, समुद्र कुठे जातोय? मग पाहू सावकाश.

"नमन!" पाण्यातून बाबूजी ओरडले. "नाश्त्याचे पातेले बसवरच राह्यले काय बे?"

मी पातेली उतरवायला गेलो.

आता दुकानात गिऱ्हाईकं विचारतात, "नमनभाऊ, समुद्र कसा असते हो?" मी म्हणतो, "बसा जरा, घरून चंदनाले बोलावतो."